काचेच्या दाराच्या आत

मी बायोलॉजी शिकवते. राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासमध्ये, बारावीच्या पोरांना. भूत, भानामती, अंगात येणं असले विषय निघाले की मी उठून चहा ठेवायला जाते. त्यामुळे आज हे लिहायला बसले याचं सगळ्यांत जास्त नवल मलाच वाटतंय... पण डोळ्यांदेखत घडलेलं नाही कसं म्हणू?

माझे दिनकरमामा नांदगाव खंडेश्वरचे. घरची काळी जमीन, कापूस आणि तूर. एका हंगामात कपाशीवर फवारणी करताना औषध त्यांच्या अंगात भिनलं. तेव्हा आमच्या भागात बरेच जण असे दवाखान्यात पडले होते. मामा वाचले, पण वास गेला. अजिबात गेला, आणि वासाबरोबर चवही. डॉक्टर म्हणाले, नस मेली, आशा ठेवू नका. नुसत्या फोडणीवरून आज स्वयंपाक कोणी केला हे ओळखणारा माणूस, भाकर पोटात ढकलायची म्हणून ढकलायला लागला.

त्याच सुमारास विद्यापीठाच्या रोडवर, एका पहिल्या मजल्यावर, मेडिटेरेनियन रेस्टॉरंट अँड लाउंज उघडलं. आमच्या अमरावतीत! निळे दिवे, बुटके सोफे, पितळी कंदील, काचेचं जाड दार. मालक इरफानभाई मूळचा अकोल्याचा, आखातातल्या हॉटेलांत काम करून परत आलेला. मला तिथं जायची भारी हौस, आणि सोबतीला कोणी तयार नाही. मामा तपासणीसाठी शहरात आले होते, त्यांनाच ओढत नेलं. चव कळत नाही म्हणजे नावंही ठेवणार नाहीत, असा माझा सोयीस्कर विचार.

बाबा गनूश आलं. "मामा, हे वांग्याचं भरीतच आहे, नाव तेवढं फॉरेनचं," मी म्हटलं. मामांनी रोटीचा तुकडा त्यात बुडवला, तोंडाजवळ नेला आणि हात तिथंच थांबला.

"हे पऱ्हाटीवर भाजलं काय?"

पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. आमच्याकडे भरताचं वांगं त्याच जाळावर भाजतात. इरफानभाई शेजारीच उभा होता. "हो ना काका. गॅसवर मजा नाही येत, मी पऱ्हाटीच मागवतो. तुम्हाले कसं समजलं?"

"वास येऊन राहिला ना," मामा सहज म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं, आणि तुकडा ताटात पडला.

मी पडले मास्तरीण! त्यांच्याच खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे बांधले आणि एकेक वस्तू नाकाशी धरली. लिंबू — बरोबर. पुदिना — बरोबर. कॉफी, लसूण, माझ्या पर्समधली बामची डबी... सगळं बरोबर. शेजारच्या टेबलावरची हॉस्टेलची पोरं उठून भोवती उभी राहिली. मी हसत होते, रडत होते, आणि मामा "अजून आण, अजून आण" करत होते. त्या दिवशी आम्ही जवळपास सगळं मेनूकार्ड खाल्लं.

बिल देऊन जिन्यात आलो, आणि वास गेला. पुदिन्याची काडी हातात, नाकाला काही नाही. दार ढकलून आत गेलो, पुन्हा आला. बाहेर, गेला. आत, आला. मामा पोरासारखे आतबाहेर करत सुटले. शेवटी इरफानभाई म्हणाला, "काका, एसी लावला आहे. आत का बाहेर, एकदा ठरवा ना."

मी दुसऱ्या हॉटेलांत करून पाहिलं, माझ्या स्वयंपाकघरात करून पाहिलं, एसीच्या खोल्यांत करून पाहिलं. शून्य. डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ. मग डोळे बांधून बाम कसा ओळखला, असं विचारलं तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तेव्हापासून अमरावतीला यायला मामांना कारणच लागेना. पिशवीत घरच्या वस्तू घेऊन यायचे. पहिल्या पाण्यानं भिजलेली माती डब्यात बंद करून, सांभाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी, मामीनं केलेलं तिखट. कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून एकेकाचा वास घ्यायचे. इरफानभाई त्यांच्यासाठी तो कोपरा मोकळा ठेवायचा.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. मामांची मुलगी प्रणाली बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगी झाली. आणि इरफानभाईनं सांगितलं, महिनाअखेर दुकान बंद. "पोट्टे येतात, एक हमसची वाटी घेऊन चौघं बसतात. त्याइचा तरी काय दोष? घरी कापसाले भाव नाही, खिशात काय असणार?"

मी बाळ पाहायला नांदगावला गेले. न्हाऊमाखू घालून, ओवा-शेपाची धुरी देऊन मामी बाळाला आणायची, आणि घरातलं जो तो त्याच्या टाळूला नाक लावायचा. कसा गोड वास येऊन राहिला, म्हणायचा. मामा दाराशी उभे राहून नुसते पाहायचे. ते मला बघवेना.

"लेकराले अमरावतीले नेऊ," मी म्हटलं.

मामी कडाडली. "येडी झाली काय तू? सव्वा महिना झाला नाई. बाळंतीण अन् लेकरू घराबाहेर पाय ठेवत नाई."

"सव्वा महिन्यानं ते हॉटेल राहणार नाही, मामी."

"तं नको राहू दे."

मामा म्हणाले, "जाऊ दे बाई, लेकराचं चांगलं राहो." आणि गोठ्याकडे निघून गेले. तेव्हा प्रणालीच खाटेवर उठून बसली. "आई, जगानं हुंगली माझी पोरगी. माझ्या बापानं नाई. मी जाऊन राहिली."

मामी भांडी आपटत चुलीकडे गेली. पण ठरल्या दिवशी गाडी दाराशी आली तेव्हा तिनं बाळाला न्हाऊ घातलं, धुरी रोजच्यापेक्षा जास्तच दिली, टाळूवर तेल जिरवलं, दुपट्यात लोखंडी अडकित्ता खोचला आणि स्वतःच आधी गाडीत जाऊन बसली.

इरफानभाईनं स्वयंपाकघर बंद ठेवलं होतं. लसूणसुद्धा कापू दिला नव्हता. मामांनी हातपाय धुतले, कोपऱ्यातल्या सोफ्यावर मांडी घातली. प्रणालीनं बाळ त्यांच्या हातात दिलं. आज नेमका नाही आला तर? एवढ्या लहान जिवाला आणलं, मामीचा शब्द मोडला, आणि नाहीच आला तर?

मामांनी मान खाली घातली. बाळाच्या टाळूला नाक टेकवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"ओवा हाये," ते म्हणाले. "तिळाचं तेल हाये. अन्..."

"अन् काय?" मामीनं विचारलं.

"अन् ते सांगता येत नाई."

मामी पदर तोंडाला लावून बाजूला बसली. मी तर हमसून हमसून रडले, लाज कसली त्यात. थोड्या वेळानं इरफानभाईनं विचारलं, "काका, आता काही बनवू? भरीत?" मामांनी मान हलवली. "आज काई नको. याच्यात दुसरा वास नको."

बाळ भुकेनं रडेपर्यंत त्यांनी नाक हलवलं नाही. निघताना दाराशी थांबून एकदा खोल श्वास घेतला आणि बाहेर पाऊल टाकलं. जिन्यात मी हळूच विचारलं, "गेला?" "गेला," ते म्हणाले, आणि बाळाचं कुंचडं सारखं करत खाली उतरले.

या गोष्टीला वर्षं झाली. त्या जागेवर आता मोबाईलचं दुकान आहे. मी मामांना तिथंही नेऊन पाहिलं, काही नाही. नस मेलेलीच आहे, रिपोर्ट तेच सांगतात. माझ्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नाही, आणि तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर मला खरंच हवं आहे. मामांची नात आता शाळेत जाते. सुट्टीत आली की आजोबांच्या मांडीवर बसते, आणि ते तिच्या टाळूशी नाक नेतात.

"आबा, आला वास?" ती विचारते.

"नाई," ते म्हणतात, आणि पुन्हा नाक लावतात.