शेवंतामावशींचं मत

पिक्चर सुरू झाला की शेवंतामावशी हिरोकडे बघायच्याच नाहीत. हिरो गात असो, रडत असो, नाहीतर गुंडांना लोळवत असो, मावशींचे डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे, मागे उभ्या असलेल्या लोकांवर. भाजीवाली, टपरीवरचा माणूस, सायकल धरून थांबलेला कुणी. एकदा मी विचारलं, "मावशी, हिरो आवडत नाही का तुम्हाला?" तर म्हणाल्या, "त्याला काय बगायचं बाई? त्यो शेवटपत्तुर हितंच हाय. मागची मान्सं बगा, ती निघून जात्यात."

मी कामशेतच्या शाळेत शिकवते. नवरा चाकणला कंपनीत, मुलगी शिकायला बाहेर. आमच्या इमारतीच्या मागे एका खोलीत शेवंतामावशी एकट्या राहायच्या. माहेर वडिवळ्याचं. नवरा तरुणपणीच गेला, मग सगळं आयुष्य अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढलं. निम्म्या गावाला त्यांनी खिचडी भरवलेली, नाकं पुसलेली. स्टेशनापासून घरापर्यंत येताना त्यांना दर दोन दुकानांआड कुणीतरी हाक मारायचं. पण कुणाच्या घरी जाऊन बसणं नाही. माझ्याकडे मात्र त्या आपण होऊन आल्या. मी नवा टीव्ही घेतलाय आणि त्याला मोबाईल जोडला की जुने पिक्चर दिसतात, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, वीस-बावीस वर्सामागचे पिच्चर लागत्यात व्हय ह्याच्यावर? कुटलेबी?"

मला आनंदच झाला. जुन्या पिक्चरचा नाद मला कॉलेजपासूनचा. आम्हा जुन्या ओळखीच्या माणसांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. दर रविवारी ज्यानं त्यानं घरी बघितलेल्या पिक्चरवर चार ओळी लिहायच्या. गाणी बरी आहेत, मध्यंतरानंतर झोप येते, असलं बिनकामाचं. मी त्यात मावशींची मतं लिहायला लागले.

आणि मतं तरी कशी! एका घरंदाज सूनबाईला बघून त्या म्हणाल्या, "भाकरी थापती, पन चुलीत जाळच न्हाई. आख्खं घर उपाशी ठेवंल ही." कोर्टाचा सीन आला की, "जज समोरच बसलाय, ह्यांनी येवडं वरडायचं कशाला? भैरा हाय का त्यो?" एका पिक्चरमध्ये मुसळधार पावसात मोठं भांडण होतं. मावशी म्हणाल्या, "येवडा पाऊस आन् कुनाच्या पायाला चिखुल न्हाई. ह्यांनी आंदर मावळात येऊन भांडावं." ग्रुपवर लोक लोटपोट व्हायचे. रविवार उजाडला की कुणीतरी विचारायचंच, "मावशींचं मत येऊ द्या." मी ते मावशींना वाचून दाखवायचे. त्या पदराला तोंड पुसत म्हणायच्या, "लोकांना बी काय कामं न्हाईत."

फक्त एकाच प्रकारच्या पिक्चरवर त्यांचं मत मिळत नसे. लहानपणी हरवलेला मुलगा शेवटी आईला भेटतो, असा सीन आला की मावशी उठायच्या. "दूध तापवायचं राह्यलं," म्हणायच्या आणि जायच्या. मी ते हसण्यावारी नेलं. ग्रुपवरही लिहिलं, की मावशींना रडारड सोसत नाही. ते आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

दिवाळीनंतर त्यांची एक सवय वाढत चालली. बाजाराचा, जत्रेचा, मोर्चाचा सीन आला की म्हणायच्या, "थांबवा." मग "मागं घ्या." मग पुन्हा "मागं घ्या." उठून टीव्हीजवळ जायच्या, काचेला नाक लागेल इतक्या जवळ, आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवायच्या. काचेवर बोटांचे डाग पडायचे. एका रविवारी त्यांनी सात-आठ वेळा तेच केलं. माझ्याकडे तपासायच्या वह्यांचा ढीग पडला होता. मी चिडून म्हणाले, "मावशी, पिक्चर बघायचा तर सरळ बघा ना. त्या गर्दीत काय ठेवलंय?"

मावशी टीव्हीपुढून हलल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माजा मिलिंद हाय."

मग त्या खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. मिलिंद त्यांचा एकुलता एक मुलगा. बावीस वर्षांचा असताना घरातून गेला, तो आलाच नाही. गेला त्याच आठवड्यात नाणे मावळातल्या एका गावात पिक्चरचं शूटिंग आलं होतं. बाजाराच्या सीनसाठी गावोगावची माणसं गोळा केली होती. मिलिंद तीन दिवस तिथं जाऊन उभा राहिला. घरी येऊन म्हणाला होता, "आई, पेंढ्याच्या बैलगाडीमागं मी उभा हाय. पिवळं शर्ट घातलंय, वळखू येईन." पिक्चरचं नाव तेव्हा त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "त्याचा फोटो नाही का तुमच्याकडे?"

त्या खोलीत गेल्या आणि एक फ्रेम घेऊन आल्या. मावळातली ओल काचेच्या आत शिरली होती. शर्टाची कॉलर दिसत होती, एक कान दिसत होता, आणि मधे पांढरी बुरशी. मिलिंद हरवल्याची तक्रार देताना दुसरी प्रत पोलिसांकडे दिलेली. त्याला किती वर्षं झाली.

"वर्सं गेली ना बाई, तसं तसं तोंड आटवंना झालं," मावशी म्हणाल्या. "आदी डोळं मिटलं की दिसायचा. आता आंगनवाडीतली पोरं दिसत्यात, भाऊ दिसतो, पन त्यो दिसंना. आई हाय मी त्याची! आन् डोळं बी चाललं." काचबिंदू होता. उजव्या डोळ्यानं दिसणं बंदच झालं होतं. तळेगावच्या डॉक्टरांनी डाव्याबद्दल सांगून ठेवलं होतं, की आहे तोवर आहे.

त्या दिवशी मी ग्रुपवर मत लिहिलं नाही. खरी गोष्ट लिहिली. एकेक जण लिहू लागला. कुणी त्या दोन-तीन वर्षांतल्या पिक्चरची यादी केली, कुणी धरणाजवळ, डोंगरात शूटिंग झालेले वेगळे काढले. मी रोज शाळेतून आले की मावशी दारात उभ्या असायच्या. चहा नको, पाणी नको. "लावा बाई." संपूर्ण पिक्चर बघायला वेळ कुठला! मी पुढे ढकलत न्यायचे, गर्दी आली की थांबायचे. आता त्या मतं सांगत नव्हत्या. मीच कधी वातावरण हलकं करायला विचारायचे, "काय मावशी, कसा वाटला?" तर म्हणायच्या, "ह्याच्यात न्हाई." तेवढंच मत.

असे तीसेक पिक्चर झाले. थंडी संपली. मावशी आता टीव्हीच्या इतक्या जवळ बसायच्या की मला पडदा दिसायचा नाही. एका संध्याकाळी त्यांनी बोट ठेवलं आणि ओरडल्या, "ह्यो बगा!" मी बघितलं. तिथं दुकानाची पिवळी पाटी होती. मी सांगितलं. त्या कपाळ काचेला टेकवून बसून राहिल्या. त्या दिवशी मला वाटलं, आता थांबवावं हे. हे त्यांना मारून टाकील. पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दारात.

शेवटी देहूरोडच्या एका काकांचा निरोप आला. लष्कराच्या डेपोतून निवृत्त झालेले, ग्रुपवर सर्वांत कडक मतं त्यांचीच असायची. त्यांनी लिहिलं होतं, "हा पिक्चर कुणीच बघितला नसेल, आठवड्यात उतरला होता. कथा भिकार, नायक लाकडाचा. पण पाऊण तासानंतर बाजार आहे आणि पेंढ्याची बैलगाडी आहे. मी तीनदा बघून खात्री केली. मावशींना दाखवा."

मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली. दुपारचे दोन वाजले असतील. मावशी आल्या, बसल्या. मी थेट तो सीन लावला. डोंगर ओळखीचा होता. बाजार भरलेला, नायक-नायिका बांगड्यांच्या दुकानापाशी बोलतायत, आणि मागून पेंढ्यानं लादलेली गाडी हळूहळू जाते. गाडी पुढे सरकली, आणि तिच्या मागे पिवळा शर्ट.

तो पाठमोरा होता.

"त्योच," मावशी म्हणाल्या. "ती पाठ माजीच हाय. न्हाऊ घातलंय मी त्या पाठीला." त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. त्यांनी त्या पाठीवरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग म्हणाल्या, "चालू करा. आता वळंल."

मी चालू केलं. दोन-अडीच सेकंदांत कॅमेरा नायिकेवर गेला. मी मागे घेतलं. पुन्हा तेच. पुढचा सगळा सीन बघितला, शेवटपर्यंत बघितलं. पिवळा शर्ट पुन्हा कुठं नव्हता. आम्ही ते अडीच सेकंद किती वेळा बघितले ते मला सांगता येणार नाही. मावशी आधी समजुतीनं बोलत होत्या. "वळ रं बाळा. हिकडं बग." मग त्यांचा आवाज चढला. "वळ म्हनते ना! मिल्या, वळ!" त्या काचेवर तळहात आपटायला लागल्या. मी त्यांना धरलं. त्यांच्या अंगात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

शांत झाल्यावर त्यांनी जे सांगितलं, ते कधी कुणालाच सांगितलं नव्हतं. शूटिंगपायी तीन दिवस दांडी झाली म्हणून ठेकेदारानं मिलिंदला कामावरून काढलं होतं. कळलं तेव्हा मावशी ताटात भाकरी वाढत होत्या. ताट तसंच ठेवून त्या त्याला वाट्टेल तसं बोलल्या. "मी म्हनले, पडद्यावर तोंड दाखवायचंय न्हवं तुला? मग जा तिकडंच. मला परत तोंड दाखवू नगं." मावशींनी माझ्याकडे बघितलं. "न्हाई दाखवलं बगा त्यानं. हितं बी न्हाई दाखवलं."

मी त्यांना परोपरीनं समजावलं. शूटिंग भांडणाच्या आधीचं आहे, तो तेव्हा कुणावर रागावलेलाच नव्हता, कॅमेरा कुठं आहे हेसुद्धा गर्दीतल्या माणसाला कळत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यातलं काही आत गेलं असं मला वाटत नाही.

त्यानंतर त्या रोज येत राहिल्या. एकच पिक्चर, तेवढाच सीन. वळवाचे ढग जमायला लागले त्या सुमारास त्यांचा डावा डोळाही गेला. वडिवळ्याहून भाची वैशाली त्यांना न्यायला आली होती. सामान बांधून झालं. मावशी म्हणाल्या, "येकदा बाईंकडं जाऊन येते." वैशालीनं त्यांना हाताला धरून माझ्याकडे आणून सोडलं आणि ती रिक्षा बघायला गेली.

"लावा," मावशी म्हणाल्या.

मी लावलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. बाजाराचा आवाज आला, बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. त्यांना तो आवाज पाठ झाला होता.

"आली गाडी?"

"आली."

"पुढं सरकली?"

"सरकली."

"वळला का वो?"

पडद्यावर पाठ होती. मी म्हणाले, "हो मावशी. वळला."

त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. "कसा दिसतो? सांगा की. कसा दिसतो?"

मी मिलिंदला कधीच पाहिलं नव्हतं. मी मावशींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जे समोर दिसत होतं तेच सांगत गेले. "कपाळ रुंद आहे. भुवया मधे जुळल्यात. नाक बसकं. हनुवटी पुढं आलेली."

"व्हय," त्या म्हणाल्या. "व्हय. भुवया तशाच हुत्या. आन् दात?"

"पुढच्या दोन दातांत फट आहे."

"म्हंजी हसतोय?"

"हसतोय."

"कुनाकडं बगून?"

"तुमच्याकडं."

त्यांनी मनगट सोडलं. बराच वेळ त्या टीव्हीकडे तोंड करून बसल्या. सीन कधीच संपला होता, पुढचं गाणं चालू होतं. मग म्हणाल्या, "मग रागावल्याला न्हाई त्यो." आणि पदर सावरून उठल्या. रिक्षा आली होती.

श्रावणात वैशालीचा फोन आला. मावशी झोपेतच गेल्या होत्या. जलदान विधीला मी वडिवळ्याला गेले. ओसरीवर बुद्धवंदना झाली, माणसं जेवून पांगली. मी निघाले तेव्हा वैशाली रस्त्यापर्यंत पोचवायला आली. भातखाचरांत पाणी भरलं होतं. चालता चालता तिनं विचारलं, "बाई, तुमी मिलिंददादाला पिच्चरमदी बघितलं ना? आत्या येईल त्याला सांगायची. शेवटच्या दिवशीबी तेच सांगत हुती. आत्याकडं बगून हसत हुता ना त्यो?"

मी हो म्हणाले.

"कसा दिसत हुता वो? मी लय ल्हान हुते, मला न्हाई आटवत."

एसटी यायला अजून अवकाश होता. आम्ही फाट्यावरच्या दगडावर बसलो, आणि मी तिला सांगायला लागले.