मागच्या खोलीतली हजेरी

फाटकाशी गाडी थांबली की अजूनही मी हातातलं काम टाकून मागच्या खोलीकडे वळते. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन महिना झाला, तरी ही धास्ती जात नाही.

रघुनाथदादा शिक्षण खात्यात फार वरच्या पदावर होता. पहिली-दुसरीचा अभ्यासक्रम त्याच्या देखरेखीखाली बदलला. वहिनी गेल्यावर तो पुणं सोडून कोऱ्हाळ्याला माझ्याकडे, आमच्या जुन्याच घरी राहायला आला. मग त्याची स्मरणशक्ती विरत गेली. आधी समित्या गेल्या, मग पदं, मग वहिनीसुद्धा... उरलं ते लहानपणीचं एक भय.

लहानपणी दादा बोलताना अडखळायचा. तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजी घरी येऊन आईला म्हणाले, "उद्या सायेब यायचेत. रघूला घरीच ठेवा, शाळंचं नाव जाईल." तेव्हा तशी रीतच होती, कच्च्या मुलांनी त्या दिवशी शाळेत दिसायचं नाही. आईनं त्याला मागच्या कडब्याच्या खोलीत बसवलं. साहेबांच्या जीपचा आवाज आला तशी त्यानं आतून कडी लावली, ती जीप गेल्यावरही संध्याकाळपर्यंत काढली नाही. मी बाहेर बसून रडत होते.

पुढं तोच साहेब झाला. शाळेत गेला की स्वागताचा हार बाजूला ठेवून आधी विचारायचा, "आज कोण आलं नाही?" आणि त्या मुलांच्या घरी चालत जायचा. इंदापूरकडं वरकुट्याला एकदा मी त्याच्यासोबत होते. डाळिंबाच्या बागेत एक मुलगी लपली होती. तिची आजी म्हणाली, "तिला वाचाया येत न्हाय, सायेब. गुरुजीच म्हणालं, आज नगं धाडू." दादानं हाक मारली तशी ती पोर आणखी आत पळाली. परतताना गाडीतून तो मागं बागेकडंच बघत राहिला.

"ती मला भ्यायली गं," तो म्हणाला. "मला."

त्यानंतर तो हट्टालाच पेटला. पहिलीच्या वर्गात मुलांची घरची बोली चालेल, तपासणीची आगाऊ वर्दी जाणार नाही. खात्यात चेष्टा झाली. मीही चिडवायचे, "सगळं खातं तुला भितं आणि तू पहिलीच्या पोरांना." तो हसायचा नाही.

आणि शेवटी... गाडी थांबली की हा ऐंशीकडे झुकलेला माणूस मागच्या खोलीत जाऊन कडी लावायचा. आत पडला-बिडला तर, या विचारानं माझा जीव अर्धा व्हायचा. कडी मी काढून टाकली, तर तो दाराला पाठ लावून बसू लागला. समजावलं, रागावले, काही चालेना. एकदा काही सुचेना म्हणून मी वर्गात घेतात तशी हजेरी घेतली. "रघुनाथ ज्ञानदेव."  मग आतून, अडखळत, "ह... हजर." आणि दार उघडलं. मग रोजच तसं करू लागले.

महिन्यापूर्वी एका सकाळी भाजीचा टेम्पो थांबला. मी नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. शेवटी शेजाऱ्यांनी दार लोटलं.

परवा खात्याचे एक मोठे साहेब भेटायला आले. दादाबद्दल मनापासून बोलले, म्हणाले, "सरांची खोली बघायची होती." मी त्यांना मागं घेऊन गेले. दाराला कडी नव्हती, तरी ते लोटायला माझा हात उठेना. मी नाव पुकारलं. साहेब दचकून काही बोलणार, तोच मी त्यांना गप्प राहायची खूण केली.