चिठ्ठी टाकलीच नव्हती

पडद्यावर माझी पोर मैत्री होती. तोंड उघडायची, मान ताणायची, गळ्याची शीर फुगायची आणि बाहेर नुसता 'आ' यायचा. मॅडमच्या हातातल्या छोट्या बॅटरीचा लाल ठिपका माझ्या पोरीच्या ओठांवर येऊन थांबला. मॅडम म्हणाल्या, "या मुलीला आपण वर्षभर काहीच शिकवलेलं नाही. म्हणून ही अशीच राहिली. फरक स्पष्ट दिसतोय."

टाळ्या पडल्या. लोणावळ्याच्या हॉटेलातला गारेगार हॉल, मॅडमच्या अभ्यासाचा निकाल सांगायचा कार्यक्रम. माझ्या शेजारी बसलेल्या खऱ्या मैत्रीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं.

मी घाटात रेल्वेचा ट्रॅकमन. गाव कामशेतजवळ. मैत्रीला ऐकू येतं, कळतं सगळं, फक्त बोलता येत नाही. गावात सांगायचे, देवीला नवस बोल. माझ्या आजोबांनी देव्हारा इंद्रायणीत सोडला, तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही. मी म्हणायचो, शास्त्राकडे जायचं. आणि शास्त्रच मोटारीत बसून गावात आलं.

मॅडमनी शाळेत अशा पोरांच्या सगळ्या आईबापांना समजावलं. न बोलणाऱ्या पोरांना शिकवायची एक नवी पद्धत आहे. तिचा खरंच उपयोग होतो का, ते तपासायचं. म्हणून काही पोरांना आत्ता शिकवणार, काहींना वर्षानंतर, आणि दोघांची तुलना करणार. कोण आधी, कोण नंतर, ते मडक्यात चिठ्ठ्या टाकून ठरणार. "चिठ्ठीला जात दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. त्या वाक्यावर मी जीव ओवाळून टाकला. जन्मात पहिल्यांदा कुणी आम्हाला गावाबरोबर एकाच मडक्यात घालत होतं.

वर्ग भरला आबांच्या ओटीवर. आबा म्हणजे गावातले मोठे जमीनवाले. गावातली पोरं तिथे शिकायला लागली. आमच्या बौद्ध वस्तीतली सगळी पोरं थांबणाऱ्यांत. बायको म्हणाली, "सगळी आपलीच कशी वो?"

"चिठ्ठी हाय ती," मी तिच्यावर खेकसलो. "चिठ्ठीला आपलं-परकं काय कळतंय?"

मध्ये दुसरीकडे शिकवायला नेऊ नका, निकाल बिघडेल, असं मॅडमनी बजावलं होतं. तळेगावात असा वर्ग होता. मी मैत्रीला नेलं नाही. मधूनमधून कॅमेरेवाले वस्तीत यायचे. "बोल बाळा, बोल." पोर जीव खाऊन ताणायची. ते टिपून घ्यायचे आणि निघून जायचे. ओठ कसे मिटायचे एवढंसुद्धा कुणी दाखवलं नाही.

हॉलमध्ये मैत्रीनंतर आबांचा नातू दाखवला. "आई, दूध दे," तो म्हणाला. स्वच्छ. पोराचा मला राग नाही. बोलू दे त्याला.

चहाच्या वेळी मी मॅडमना गाठलं. "मॅडम, चिठ्ठ्या कवा टाकल्या? आमी कुनीच न्हाई बघितल्या."

त्या हसल्या. "दादा, सगळं पुस्तकातल्यासारखं होत नाही हो. आबांनी ओटी दिली होती. तुमची मुलं तिथे चढलेली त्यांना... तुम्हाला माहीतच आहे. मग तुमची वस्ती थांबणाऱ्यांत घेतली. सोयीचं पडलं."

"मंग आता आमच्या पोरांची शिकायची पाळी?"

"निधी संपला. पण तुमच्या मुलीमुळेच हा अभ्यास उभा राहिला बरं का! चला, सत्कार आहे."

स्टेजवर शाल पुढे आली. मॅडमनी माइक मैत्रीच्या तोंडाशी धरला. "नाव सांग बाळा." पोरीने हात तोंडावरून काढलाच नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शाल परत केली. माइक ओढून घेतला. "चिठ्ठी टाकलीच न्हाई! ह्यांनी जात बघून पोरं वाटली..."

माइक बंद झाला. पुढचं बोलणं पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल. लोक जेवायला उठले.

आता तळेगावला नेतो. तिथल्या ताई जीव लावून शिकवतात, पण म्हणतात, लवकर आणायला हवी होती. बोलणं किती येईल, सांगता येत नाही. मैत्री आरशासमोर बसते आणि तोंडावर हात ठेवते. ताई हात काढतात. ती पुन्हा ठेवते.

परवा मॅडमचा फोन आला. नवा अभ्यास आहे, वस्ती पुन्हा हवी.

मी म्हणालो, "या. आमच्या विहारात बसा. गावची पोरंबी तितंच येतील. मडक्यात सगळ्यांची नावं, चिठ्ठी आमच्यासमोर काढायची. थांबणाऱ्यांना शिकवल्याबिगर अभ्यास संपायचा न्हाई."

"दादा, विहारात गावातले येणार नाहीत."

"मंग अभ्यासात तेवढंच लिवा."

त्यांनी फोन ठेवला. त्या पुन्हा येतील असं वाटत नाही. मैत्री बोलेल असंही आता वाटत नाही. पण जो हात शिकवणार नाही, त्या हाताला माझ्या पोरीच्या तोंडावर तो लाल ठिपका पाडू देणार नाही.