न विरघळणारा कानोबा

ऑस्ट्रेलियाहून परतताना गोंदियाकडच्या कोहमाऱ्याच्या फाट्यावर उतरले आणि गावाच्या ऑटोची वाट पाहत बॅगेवरच बसले. टपरीवरचे काका चहा गाळता गाळता म्हणाले, "काऊन वं, तिकडं देऊळ-गिऊळ असते का?" मी "असते" म्हटलं. आणखी काही सांगायला हवं होतं, पण दोन रात्री प्रवासात गेल्या होत्या. बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेला कानोबा होता. त्याच्याबद्दल कुठून सुरुवात करावी हेही सुचेना.

आमच्या भागात गोकुळाष्टमीला घरोघरी मातीचा कृष्ण बसवतात, तो कानोबा. त्याच्यावर फुलोरा टांगतात, म्हणजे तळलेल्या पापड्या, करंज्या दोऱ्याला बांधून. रात्रभर भजन होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला बोडीत, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यात, शिरवतात, विसर्जन करतात. सगळ्यांकडे हा सण असतो, आमच्याकडे तो नवसाचाही आहे. मी लहानपणी तापानं फार आजारी पडले होते. पोरगी वाचली तर दरवर्षी कानोबा बसवीन, असं माय बोलली होती. मी वाचले. तेव्हापासून एकही अष्टमी चुकली नव्हती.

माझ्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यातही एका सत्रासाठी परदेशी जायला मिळालं, तेव्हा गावात सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त समजलं की काहीतरी मोठं घडलं आहे. मला तिथं गेल्यावर एवढंच समजलं की थकवा कसा असतो. सकाळी वर्ग, संध्याकाळी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या. खोलीवर आले की बूट न काढता पडायचे. त्यात तिकडे ऑगस्टमध्ये थंडी. देवळात मी पहिल्यांदा गेले ती खरं सांगायचं तर वरण-भातासाठी. गावाबाहेर गोदामांच्या रांगेत एक गोदाम, त्यालाच देऊळ केलं होतं. आत गालिचा, संगमरवरी राधाकृष्ण आणि भिंतीवर गरम हवेचं यंत्र. स्वयंपाकघर एक वयस्कर, फिजी बेटांवरच्या भारतीय वंशाच्या आंटी सांभाळायच्या. भारत त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण त्यांची हिंदी ऐकली की आमच्याकडे ऐकू येणारी छत्तीसगडी आठवायची. कुठल्या गावची, कुठल्या जातीची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "तुम खाना खाया?" एवढंच विचारायच्या.

त्या वर्षी भाताच्या रोवणीच्या शेवटी माय धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, घसरली आणि तिचं मनगट मोडलं. ऑपरेशन अष्टमीच्याच आठवड्यात ठरलं. बाबा तिच्यासोबत गोंदियाला दवाखान्यात राहणार होते, म्हणजे घराला कुलूप. फोनवर ती हाताचं काहीच बोलली नाही. "यंदा तूच बसव तिकडं," म्हणाली. "तुयासाठीच बोलली होती मी. तू एकटी, परक्या मुलखात. खंड पडला तर मले झोप येईन का?"

मी देवळात विचारलं. तिथं अष्टमी शनिवारी होणार होती, सगळ्यांच्या सुट्टीच्या दिवशी. खरी तिथी आठवड्याच्या मध्येच होती. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "तिकडचा देव बी ड्युटीवर जाते का वं? सुट्टी पाहून जन्मते म्हनून इचारलं." मग मी ठरवलं की आपला कानोबा खोलीतच, तिथीलाच.

माती कुठून आणावी? बागेतली माती आणायचा धीर झाला नाही, कुणी काही म्हणेल असं वाटलं. लहान मुलांच्या वस्तूंच्या दुकानात मातीचं एक पाकीट मिळालं, रंगानं अगदी बोडीच्या चिखलासारखं. पाकिटावरचं सगळं वाचायचं त्राण नव्हतं. मऊ होती, बोटांना बरं वाटलं. कामावरून आल्यावर मी कृष्ण केला. नाक जरा मोठं झालं, बासरी वाकडी. आंटींनी दिलेल्या पुऱ्या दोऱ्यानं कपड्यांच्या हँगरला बांधल्या आणि हँगर खिडकीला अडकवला. असा फुलोरा झाला. भजन म्हणायला बसले आणि दोन ओळींत बसल्या जागी झोपले.

दुसऱ्या दिवशी वर्ग बुडवून दोन बस बदलून देवळात गेले. तिकडे नदीत काही सोडायची परवानगी नसते, म्हणून मागच्या अंगणात विसर्जनासाठी एक मोठा प्लास्टिकचा टब ठेवलेला असायचा. मी पाया पडून कानोबा पाण्यात सोडला. तो तळाशी जाऊन बसला आणि बसूनच राहिला. आमच्या बोडीत घटकाभरात मुकुट जातो, मग हात, मग नुसतं गढूळ पाणी उरतं. इथं पाणी स्वच्छ होतं. आंटींनी हात घालून त्याला चाचपलं आणि म्हणाल्या, "ई तो मिट्टी नहीं है बेटी. बच्चा लोग का खेलने वाला है. तेल रहता इसमें." मला कामावर पोहोचायचं होतं. मी त्याला तिथंच सोडून निघाले.

गोंदियाला दुपारी ऑपरेशन होऊन शुद्धीवर आल्यावर मायनं बाबांकरवी मला फोन लावला. "गेला का कानोबा?"

"नाही गेला," मी म्हटलं. सगळं सांगितलं.

माय म्हणाली, "जो गेलाच नाई, तो पुढच्या वर्षी येईन कसा?"

शनिवारी देवळात मोठा कार्यक्रम होता. मुलांनी नाच केले, तान्ह्या पोरांच्या कपाळावर मोरपीस बांधलेलं, कागदाची हंडी फोडली, बाहेर खाण्याचे ठेले. लोक आनंदात होते आणि मलाही आनंदात असावं असं वाटत होतं. मी ताटं धुतली. मग मागे जाऊन पाहिलं. कानोबा टबात तसाच, नाकासकट. आंटी मागून आल्या. "ई तो जाय नहीं मांगे," म्हणाल्या, आणि हसल्या. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी त्याला बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि वर्तमानपत्रात बांधून माझ्या हातात दिलं.

मायला सांगितलं. ती म्हणाली, "आन त्याले घरी. मी पायतो."

सत्र संपेपर्यंत तो माझ्या टेबलावर होता. माय रोज दुपारी विचारायची, "जेवली का? ताप तं नाई ना?" आधी ती तापाचं विचारत नसे.

घरी पोहोचले तेव्हा धान कापून झालं होतं. मी जेवून झोपले ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. माय अंगणात कानोबा घेऊन बसली होती. तिची बोटं अजून नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबायला सांगितला होता, पण चेंडू कुठंतरी कोठीत पडून होता.

"नाक कायले एवढं केलं वं?" ती म्हणाली. मग, "चाल."

आम्ही बोडीवर गेलो. तिनं पायऱ्यांवर बसून त्याला पाण्यात धरलं, पाया पडली, आणि दुखऱ्या हातानं दाबायला लागली. मी म्हटलं, मी करते. "नोको. माया नवस, मीच धाडतो." मुकुट दबायलाच वेळ लागला. मध्ये थांबून ती हात मांडीवर ठेवायची, परत दाबायची. मी शेजारी बसून होते. मला इतकी झोप येत होती की डोकं तिच्या खांद्यावर गेलं, ते तिनं राहू दिलं. शेवटी नाक गेलं, बासरी गेली, हातात नुसता गोळा उरला. तिनं ओंजळभर पाणी बोडीत सोडलं.

"आता गेला," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बोडीची माती आनजो."

गोळा पाण्यात टाकू की नको, असं मी विचारलं. तिनं तो पदराला बांधला. घरी येऊन तो दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला. आता दुपारी कामं आटोपली की ती भिंतीला टेकून बसते, डोळे मिटते आणि तो गोळा हातात घेऊन हळूहळू दाबत राहते. त्या दिवसापासून तिनं मला तापाचं विचारलेलं नाही.