मातीतली रोमन नाणी आणि वानखडे काकांची बोटं

भूत, करणी, बाहेरची हवा... यातलं मी काहीच मानत नाही, हे आधी लिहून ठेवतो. अमरावतीला राजापेठेकडे माझं चष्म्याचं दुकान आहे. दिसतं ते आहे, आणि दिसत नसेल तर नंबर बदललाय – बावीस वर्षं एवढ्याच तत्त्वज्ञानावर माझं चाललंय. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लावले.

मला उत्तरकाळातल्या रोमन बादशहांची काशाची नाणी जमवायचा छंद आहे. सोन्याची नाहीत हो – शर्टाच्या गुंडीपेक्षा थोडी मोठी, तिथल्या बाजारात रोज हातोहात फिरणारी. ती न साफ केलेलीही विकत मिळतात. तिकडच्या शेतांतून निघालेली, वर मातीचा दगडासारखा थर. डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडेच्या आठवडे भिजवायची, टूथपिकनं कण-कण माती काढायची. आत काय निघेल ते शेवटपर्यंत कळत नाही, त्यातच मजा.

परतवाड्याचे वानखडे काका माझं जुनं गिऱ्हाईक. आयटीआयमध्ये टर्नरचे इन्स्ट्रक्टर होते. शुगरनं दोन्ही डोळ्यांचे पडदे गेलेले. मी चष्मा करून द्यायचो खरा, पण त्याचा उपयोग समोरून येणारा माणूस अंगावर येऊ नये इतकाच. एका रविवारी ते आले तेव्हा काउंटरवर माझा नाण्यांचा ट्रे होता.

"हे काय होय?" त्यांनी एक उचललं.

"रोमन नाणी, काका. साफ व्हायची हायेत अजून."

त्यांनी ते मुठीत धरलं. मग सहज म्हणाले, "लांडगी हाय यावर. खाली दोन पोट्टे दूध पिऊन राहिले. वर दोन चांदण्या."

मी हसलो. ते नाणं तेव्हा चिंचोक्यासारखं दिसत होतं. अठरा दिवसांनी माती सुटली... लांडगी, दोन मुलं, वर दोन चांदण्या.

आता हा शिक्का काही दुर्मिळ नाही. हजारोंनी सापडतो. काकांनी कुठेतरी वाचलं असेल, लागला अंदाज. पण पुढच्या तीन रविवारी तीन नाणी त्यांनी अशीच सांगितली, आणि तिन्ही बरोबर निघाली. मग माझं डोकं दुसऱ्या दिशेनं चालायला लागलं. माझा डीलर नागपूरचा. काकांचे जावई नागपूरचे. शंका यायला आणखी काय लागतं? आमच्या छंदात नकली माल खूप. आधी विश्वास बसवायचा आणि मग एक दिवस 'दुर्मिळ' म्हणून बनावट नाणं गळ्यात मारायचं – असंच काहीतरी असणार, हे मी मनाशी पक्कं केलं.

मी परीक्षा घ्यायची ठरवली. दुसऱ्याच शहरातल्या नव्या डीलरकडून माल मागवला. बायकोलाही सांगितलं नाही. सीलबंद पाकीट काकांच्या समोर फोडलं, प्रत्येक नाण्याचं वजन केलं, सगळ्या बाजूंनी फोटो काढले. काकांनी एक उचललं.

"दोन शिपाई. मधात दोन झेंडे. डाव्या शिपायाच्या पोटावर कोनं तरी भोक पाडाले घेतलं होतं, अर्ध्यात सोडलं."

नाणं बाटलीत टाकून मी लेन्सच्या कपाटात कुलूपबंद केलं. किल्ली माझ्या खिशात. पाच आठवडे लागले. भिंगाखाली आधी भाले दिसले, मग झेंडे. मग डाव्या शिपायाच्या पोटावरची माती सुटली आणि तिथे एक गोल खड्डा होता. आरपार न गेलेला.

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण काट्यामागून आला तो राग. आपल्याला कोणीतरी फसवतंय याची खात्री, आणि कसं ते सापडत नाही. पुढच्या रविवारी काका आले तसं मी दोन गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "काका, खरं सांगा. हा डीलरबी तुमच्या वळखीचा हाय ना?"

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "चोर म्हनून राहिला का तू मले?"

"चोर नाही म्हनत. पन मले उल्लू बनवू नका."

काकांनी पिशवी उचलली आणि निघाले. रस्ता ओलांडताना अडखळले, एका रिक्षावाल्यानं हात धरून पलीकडे नेलं. मी काउंटरमागून पाहत राहिलो.

तीन महिने ते आले नाहीत. तेवढ्यात मला एक उत्तर सापडलं होतं. जन्मभर लेथवर लोखंड कातलेला माणूस... केसाएवढा चढउतार बोटाला कळत असणार. मातीवरूनही उंचवटे लागत असतील! किती साधं होतं. मला हायसं वाटलं, लाजही वाटली. एसटीनं परतवाडा गाठला.

काका अंगणात खुर्चीवर होते. "ये," एवढंच म्हणाले. मी माफी मागितली आणि काकूंना म्हणालो, "काकांच्या बोटायची कमाल हाय. डोळ्यांनी नाही दिसत ते बोटानं दिसते त्यायले."

काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या. "कोनाच्या बोटायची? यायच्या? अहो, चार वर्स झाले बोटं बधिर होऊन. शुगरनं. मांगं तापल्या तव्यावर हात टेकला यायनं, वास आला तवा मले समजलं. गुंड्याबी मलेच लावून द्या लागते."

काकांच्या बोटांवर भाजल्याचा पांढरा पट्टा होता.

तरी मी शंकेखोरच. काकू चहा टाकायला आत गेल्या तसं मी खिशातलं पेन काढलं आणि हळूच काकांच्या बोटाच्या टोकावर टेकवलं. मग दाबलं. जोरात दाबलं. काका संत्र्याच्या बगीच्याबद्दल बोलत होते, ते बोलतच राहिले. बोटावर निळा ठिपका उमटला होता.

"मंग काका... तुमाले समजते कसं?"

"मले काय मालूम, बाप्पा. हातात घेतलं का तोंडातून निंगते. बोटानं समजते हे तूच ठरवलं."

ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, योगायोग असेल. पाच वेळा? आणि तो अर्धवट खड्डा? त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. वाचकांपैकी कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मी तरी आता थकलोय.

काका पुन्हा यायला लागले आहेत. ते येण्याआधी मी ट्रे आत ठेवून देतो. परवा त्यांनी विचारलंच, "नाणे कुठी गेले रे?"

"संपले, काका. झाले सारे साफ."

काका हसले. "पयले तुले माह्यावर शक होता, ते बरं होतं. आता तू मले भिऊन राहिला."

हेही त्यांनी बरोबरच सांगितलं होतं.