पोच्यावरचा गुलाब

नाना सबनिसांनी मला सात वर्षं फसवलं. कॅम्पातला रंगवाला लोकूमल त्यात सामील होता. नाना आता नाहीत, म्हणून त्यांचं नाव घेताना हात जोडतो. पण फसवणूक ती फसवणूक.

माझं अंबरनाथला पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान. रॉकेलचे डबे ठोकून सरळ करण्यापासून सुरुवात केली आणि कोणाच्या मेहेरबानीवाचून दुकान उभं केलं. नाना बदलापूरला, कुळगावात राहायचे आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. पण त्यांचा खरा उद्योग म्हणजे लोकांनी काय वापरावं ते सांगणं. कोटाच्या एका खिशात दंतमंजनाची पुडी, दुसऱ्यात साबणाचा तुकडा. रस्त्यात कोणी भेटला की "दात दाखव" म्हणायचे, आणि तो मुकाट्यानं दाखवायचा. वापरलेलं ब्लेड काचेच्या पेल्याला आतून घासून पुन्हा धार लावायची, हे त्यांनी आमच्या अख्ख्या आळीला शिकवलं. त्यानंतर महिनाभर आळीतल्या पुरुषांच्या हनुवटीवर कापूस होता.

"धार लागली म्हणूनच कापलं ना?" नाना म्हणाले.

प्रत्येक शिफारशीच्या शेवटी त्यांचं एकच वाक्य असायचं, "वापरून बघा, नाही पटलं तर मला शिव्या द्या." शिव्या द्यायला गेलेला माणूस दुसरी शिफारस घेऊन परत यायचा.

मी संशयी माणूस. साबणवाल्याकडून, मंजनवाल्याकडून यांना काहीतरी सुटत असणार, असं मी धरून चाललो होतो. एकदा तोंडावर विचारलं, "नाना, दलाली किती मिळते?"

"आज अजून काहीच नाही. चहा मागवा."

मी मागवला. का मागवला, ते अजून कळलेलं नाही.

वस्तूंसारखे ते छंदही वाटायचे, वैद्यानं पुड्या द्याव्यात तसे. माझ्या शेजारी एक भांडखोर कारकून राहायचा. त्याला त्यांनी बुलबुलतरंग वाजवायला लावलं. म्हणाले, "हात गुंतले की तोंड गप्प बसतं." कारकून भांडायचा थांबला आणि त्याचे शेजारी भांडायला लागले. नाना त्यावरही खूश.

माझ्याकडे ते पहिल्यांदा आले ते ट्रंक घ्यायला. भाव विचारला नाही. पुढच्या पत्र्यावरून तळहात फिरवला आणि एका जागी थांबले. तिथे पोचा होता.

"इथे कोणाशी भांडलात?"

खरं होतं. एका गिऱ्हाइकानं माझ्या ट्रंकेला डबा म्हटलं होतं आणि त्याला उत्तर देता देता माझा हातोडा जोरात बसला होता. नानांनी बाकीच्या ट्रंका पाहिल्या. एकीवर दोन पोचे, एकीवर तीन.

"बाळारामशेठ, तुमचा सगळा स्वभाव पत्र्यावर उमटलाय. पोच्यावर एकेक गुलाब काढा."

"मी काय चितारी आहे?"

"काढून बघा, नाही जमला तर मला शिव्या द्या. पहिला गुलाब काढाल ती ट्रंक माझी. आणि रंग कॅम्पात लोकूमलकडूनच आणा. दुसरीकडे फसाल."

हे शेवटचं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं.

फाळणीनंतर सिंधी मंडळी निर्वासितांच्या या कॅम्पात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. बराकींपुढे फळ्या ठोकून त्यांनी दुकानं मांडली होती. लोकूमलनं लाल रंगाच्या डब्याचा भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. त्यानं कपाळावर हात मारला. "साईं, मेरे बच्चे क्या खाएंगे?" मी पायरी उतरलो. त्यानं हाक मारली. मी आलो, पुन्हा उतरलो. तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा त्यानं डबा माझ्या हातात कोंबला आणि तोंड फिरवलं, मुलीची पाठवणी केल्यासारखं. डबा काखोटीला मारून मी अंबरनाथपर्यंत चालत आलो. त्या दिवशी पाय दुखले नाहीत.

सात वर्षं मी त्याला असाच हरवत होतो. दर वेळी नानांना सगळं सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे.

"रडला का?"

"जवळजवळ."

"वा." मग उठून नव्या गुलाबाला नाक लावायचे. "बाळारामशेठ, वास येतोय हो."

"रंगाचा येत असेल," मी म्हणायचो. पण त्या एका वाक्यासाठी मी पुढचा गुलाब काढायचो. हळूहळू पोचे पडायचे थांबले, तरी गुलाब थांबले नाहीत. लग्नाच्या ट्रंकेसाठी लोक वांगणीहून यायला लागले.

थोड्या दिवसांच्या आजारानं नाना गेले. तेरावा झाल्यावर मी रंगाला कॅम्पात गेलो. लोकूमलनं भाव सांगितला. तो नेमका तोच, जिथे मी त्याला दर वेळी आणून सोडायचो.

"आज असं कसं?" मी विचारलं.

"अब किसके लिए रोऊं, साईं?" तो म्हणाला. "नानासाहेब पहले दिन आके बोल के गया था. अंबरनाथ से एक ट्रंकवाला आएगा, दिमाग का गरम है. उसको दुगना भाव बोलना, तीन बार उतरने देना, फिर रो के देना. जीतेगा तो घर जाके फूल निकालेगा. हारेगा तो गिराक का सिर फोडेगा."

म्हणजे सात वर्षं मी जो भाव पाडून घेतला, तो सगळ्या जगाला न उतरता मिळत होता. पण मला घाम फुटला तो दुसऱ्याच विचारानं.

"आणि फुलांचं? माझ्या फुलांबद्दल काय म्हणायचे?"

"फूल का मेरेको कुछ नहीं बोला."

तसाच कुळगावात गेलो. नानांच्या पत्नीनं, काकूंनी, मला आतल्या खोलीत नेलं. तिथे माझी ती ट्रंक होती, पहिल्या गुलाबाची. पण तोंड भिंतीकडे. कडीही भिंतीकडे. उघडायची तर आधी ओढून फिरवायला हवी.

"काकू, ही अशी उलटी का?"

"उन्हानं रंग उडतो म्हणायचे. फार जपायचे हो तुमच्या गुलाबाला."

मी चारी भिंती पाहिल्या. त्या खोलीला खिडकीच नव्हती.

"इथे ऊन कुठून येतं, काकू?"

काकूंनी पदर सावरला. "चहा टाकते," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत.

आजही मी गुलाब काढतो. काढून झाला की आजूबाजूला कोणी नाही असं बघून नाक लावतो. रंगाचा वास येतो. भावात कोणी लुटलं असतं तर मी त्याच्याशी भांडून मोकळा झालो असतो. यांनी मला जिंकवलं, त्याचं मी काय करायचं? आणि जसं जिंकवलं तसाच तो वासही खोटा असला, तर?

नाना सुटले. पण लोकूमल आहे, काकू आहेत. दोघांपैकी कोणीतरी माझ्या दुकानात यावं, गुलाबासमोर उभं राहावं आणि चांगला आहे की नाही, ते एका शब्दात सांगावं. चहा मी पाजीन. पण उत्तर दिल्याशिवाय पायरी उतरू देणार नाही.