सुतळीबाईंचा दुसरा वेढा

रविवारची सकाळ होती. गॅसवर चहा उकळत होता, भाजलेला पाव बशीत गार होत पडला होता, आणि सुतळीबाई जेवणाच्या टेबलापाशी नवऱ्याला स्टुलावर बसवून त्याच्या छातीभोवती दोरीचा दुसरा वेढा घेत होत्या. तेवढ्यात दार वाजलं.

हे वाचून कुणाच्या भुवया वर गेल्या असतील, तर त्या जरा खाली घ्याव्यात. सुतळीबाई शिबारी शिकत होत्या. दोरीने माणूस बांधायची ही जपानी कला. तिच्याबद्दल इकडचं तिकडचं ऐकून असलेले लोक गालातल्या गालात हसत, आणि सुतळीबाई त्यांना खुशाल हसू देत. त्यांचा जीव अडकला होता तो बांधणीत.

नोकरीचा सगळा काळ त्यांनी पार्सलच्या गोदामात काढला होता. सुतळी अशी ओढायची की बोटाने छेडली तर वाजली पाहिजे, ही त्यांची ख्याती, आणि नावही त्यातूनच पडलेलं. निवृत्त झाल्या आणि हातांना चैन पडेना. पडदे, झाडू, पिठाच्या पिशव्या, दिसेल त्याला गाठ. चष्मेवाल्यांना, म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या त्यांच्या यजमानांना, सकाळी साखरेची पिशवी उघडायलासुद्धा बायकोला हाक मारावी लागे.

अशात वाचनालयाशेजारच्या हॉलमध्ये त्यांनी शिबारीचं प्रात्यक्षिक पाहिलं. बाकीचे प्रेक्षक बांधल्या जाणाऱ्या मुलीकडे पाहत होते. सुतळीबाई उठून मागच्या बाजूला गेल्या आणि तिची पाठ बघत राहिल्या. एवढी दोरी, आणि गाठ म्हणावी अशी एकच, तीही मनगटांपाशी. मग हे सगळं थांबलंय कशावर? त्या प्रश्नाने त्यांची झोप उडवली.

वर्गात जोडीने जावं लागे. तुम्ही याल का, असं त्यांनी चष्मेवाल्यांना विचारलं तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते. "ठीक आहे," म्हणाले. कशाला हो म्हटलं, ते त्यांना हॉलमध्ये हात पाठीमागे घ्यायला सांगितल्यावर कळलं. तेव्हाही ते "ठीक आहे"च म्हणाले.

मनगटाची साधी बांधणी सुतळीबाईंना चुटकीसरशी आली. खरी शाळा त्यापुढे होती. शिकवणाऱ्या बाई दिवसभर दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे सोडवत आणि संध्याकाळी दोरी शिकवत. त्यांनी पहिल्याच दिवशी सुतळीबाईंचा गर्व उतरवला. गाठीवर विसंबू नका, म्हणाल्या. दोरी घासते आणि उलट फिरते, तिथे ती थांबते. पाठीवरून दोरीचा उभा दांडा घ्यायचा, त्यातून छाती आणि दंडांभोवती वेढा घ्यायचा. परत दांड्याशी आलं की दिशा उलटवायची. उलटवलं की वेढा आपल्या जागी कुलूपबंद. मग दोरीचं मोकळं टोक ओढा नाहीतर त्याला लोंबकळा, वेढा आवळणार नाही. दोरीचे पदर एकमेकांशेजारी पट्ट्यासारखे सपाट बसले पाहिजेत. एक पदर जरी चढला, तरी सगळा भार त्या एकावर.

"आणि माणूस म्हणजे खोकं नव्हे," बाईंनी शेवटी सांगितलं होतं. "तो श्वास घेतो."

खोकं श्वास घेत नाही, ही गोष्ट सुतळीबाईंच्या हातांना पटायला वेळ लागला. पण खरी अडचण हातांची नव्हती, चष्मेवाल्यांची होती. ओढ कुठे जास्त वाटते, बोटं गार पडली का, मुंग्या येतात का, बाई विचारत. उत्तर एकच, ठीक आहे. शेवटी बाईंनी सुतळीबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्गात भार पेलणाऱ्या बांधण्या आहेत, आणि मुक्या माणसाला मी त्यात घेणार नाही. रविवारी दुपारी परीक्षा. ह्यांनी तोंड उघडलं तर दोघांना प्रवेश, नाहीतर दोघांनाही नमस्कार.

म्हणून ही सकाळची उजळणी चालली होती. दार वाजलं तशी सुतळीबाईंनी थाप ओळखली. मोठ्या नणंदेची. दार उघडायला उशीर झाला तर त्या खिडकीतून डोकावत.

घाईत डोकं बाजूला राहतं आणि हात आपल्या सवयीने चालतात. सुतळीबाईंच्या हातांनी दोरीचं टोक दांड्याशी अडकवलं, वर शाल टाकली, गॅस बारीक केला आणि दार उघडलं.

नणंदबाई कुकरची रिंग मागायला आल्या होत्या. पण रिंग हातात पडली तरी त्यांचा पाय निघेना. धाकटा भाऊ गळ्यापर्यंत शाल गुंडाळून ताठ बसलेला, समोर चहाचा कप ठेवला तरी हात बाहेर काढत नाही. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्यांनी पावाचा तुकडा चहात बुडवून त्याच्या तोंडाशी धरला. चष्मेवाल्यांनी निमूटपणे आ केला. सुतळीबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"काय रे, दुखतंय का कुठे?" नणंदबाईंनी विचारलं.

"ठीक आहे."

"आणि ही दोरी कसली लोंबतेय शालीतून?"

सुतळीबाई वळल्या, पण उशीर झाला होता. नणंदबाईंनी टोक धरून ओढलं होतं. ओढलं ते दाराची कडी ओढावी तसं, सगळा जोर लावून.

वर्गात शिकवल्याप्रमाणे दिशा उलटवली असती, तर काही झालं नसतं. पण घाईत सुतळीबाईंच्या हातांनी टाकली होती गोदामातली गाठ, ओढावी तशी आवळत जाणारी, आवळली की मागे न सरकणारी. खोक्यासाठी याहून उत्तम गाठ नाही. चष्मेवाल्यांचा श्वास निम्म्यात थांबला. डोळे चष्म्याबाहेर येतील की काय असं वाटलं.

"ठीक," ते म्हणाले. "आहे"ला हवा पुरली नाही.

सुतळीबाईंनी शाल भिरकावली, खिळ्यावरची बोथट टोकाची कात्री काढली आणि दांड्यापाशी दोरी कापली. ही दोरी त्यांनी स्वतः उकळली होती, वाळवली होती, तिची कुसळं ज्योतीवर जाळून तिला तेल पाजलं होतं. कापताना त्यांचा हात जराही अडखळला नाही. मनगटं सोडवून त्या चष्मेवाल्यांची बोटं चोळत बसल्या. बोटं गार होती.

नणंदबाई खुर्चीत बसल्या. आता काय ऐकावं लागणार, म्हणून सुतळीबाईंनी मान खाली घातली. पण नणंदबाईंनी हातातला उरलेला तुकडा चहात बुडवला आणि स्वतः खाल्ला.

"लहानपणी मी ह्याला जिन्याच्या कठड्याला बांधून खेळायला जायची," त्या म्हणाल्या. "घरी कुणी विचारलं तरी हा ठीक आहे म्हणायचा. एकदा संध्याकाळपर्यंत विसरले बघ. आईने सोडवला, तर म्हणे, मीच बसलो होतो."

"बोटं बधिर कधी झाली?" सुतळीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

चष्मेवाल्यांनी जरा विचार केला. "तू पाव भाजायला लावलास ना, तेव्हा."

म्हणजे दार वाजण्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच वेढ्याला. नणंदेच्या ओढण्याला दोष द्यायची सोयही उरली नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी रमली होतीस," ते म्हणाले.

सुतळीबाईंना हसावं की रडावं कळेना. कापलेल्या दोरीचे तुकडे त्यांनी मांडीवर गोळा केले. एवढी वर्षं जास्त मिठाची भाजी, अंगाला आखूड शर्ट, सुतळीबाईंच्या माहेरच्यांचे लांबलेले मुक्काम, सगळं ठीक होतं. त्यातलं खरोखर ठीक किती होतं, ते आता कोण सांगणार?

"दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना विचारता," त्या म्हणाल्या, "ही काच बरी की आधीची? आणि एखादा म्हणाला दोन्ही सारख्याच, की घरी येऊन त्याच्या नावाने बोटं मोडता. म्हणता, दिसत नाही हे सांगायला लाजतात, मग मी नंबर काढू कसा?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि शालीच्या टोकाने पुसायला घेतला. बोटांत अजून जोर नव्हता, तो निसटून मांडीवर पडला.

"दुखतंय जरा," ते म्हणाले. मग घाबरून बहिणीकडे पाहिलं. तिने त्यांच्यापुढे पावाची बशी सरकवली.

सुतळीबाईंनी तो निसटलेला चष्मा उचलून त्यांच्या नाकावर नीट बसवला.

"दुपारी वर्गात घेतील न घेतील, ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "माझं मागणं एवढंच आहे. दुखलं की तेव्हाच सांगत जा."